मॅग्ना कार्टाच्या शेजारची सनद

इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या किल्ल्यात मॅग्ना कार्टा आणि वनसनद या दोन जुन्या सनदा शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. आलेली बहुतेक माणसं त्यातली एकच बघतात आणि बाहेर पडतात. मला याचा मनापासून राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझी भाची लंडनजवळ स्लाउला राहते. तिच्याकडे गेल्यावर लंडन झालं, विंडसर झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी नोकरीतली बरीच वर्षं एका तालुका कोर्टाच्या नकला विभागात काढली. पक्षकाराने निकाल कोर्टात उभं राहून ऐकलेला असतो, वकिलाने समजावलेला असतो. तरीही सही-शिक्क्याची नक्कल हातात पडेपर्यंत त्याला तो निकाल आपला वाटत नाही. नक्कल मिळाली की माणूस ती तिथेच खिडकीपाशी उभा राहून वाचतो, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेतो. त्यामुळे आठशे वर्षांपूर्वी प्रजेतल्या काहींनी राजाकडून जो कागद लिहून घेतला, तो डोळ्यांनी बघायचा हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

“मावशी, मॅग्ना कार्टा लंडनमध्येच आहे की, ब्रिटिश लायब्ररीत. लिंकनपर्यंत कशाला जायचं?” भाचीने विचारलं. तिचं म्हणणं खरं होतं. १२१५ सालच्या चार प्रती आज उरल्या आहेत. दोन ब्रिटिश लायब्ररीकडे, एक सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये आणि एक लिंकनला. पण १२१७ ची वनसनद, म्हणजे राजाच्या राखीव रानांबद्दलची सनद, तिच्या शेजारी बघायची असेल तर लिंकनलाच जावं लागतं.

वाटेत न्यूआर्कला गाडी बदलली. या गावात दोन स्टेशनं आहेत, आणि लिंकनची पुढची गाडी इथल्या किल्ल्याजवळच्या स्टेशनातून पकडायची असं आम्ही मुद्दाम ठरवलं, कारण याच किल्ल्यात १२१६ च्या ऑक्टोबरात मॅग्ना कार्टा देणारा जॉन राजा हगवणीने मेला. ट्रेंट नदीच्या काठावर किल्ल्याची एक उंच भिंत उभी आहे, मागे बाग आहे. त्या राजाने नॉर्मंडी गमावली, ती परत मिळवायला सरदारांकडून पैसा उकळला, १२१४ मध्ये बूव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांचा पराभव झाला आणि तो सगळा पैसा पाण्यात गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात सरदारांनी लंडन ताब्यात घेतलं आणि जूनमध्ये रनीमीडच्या कुरणात त्याला सनदेवर मोहोर उमटवावी लागली. ऑगस्टमध्ये पोप तिसरा इनोसंट याने ती सनद रद्द ठरवली, आणि जॉनची त्याला काही हरकत नव्हती, कारण पोपकडे दाद त्यानेच मागितली होती. म्हणजे जगभर जिचे गोडवे गातात ती सनद पहिल्या खेपेला जेमतेम दहा आठवडे टिकली. पुढे यादवी पेटली आणि तिच्या धामधुमीतच जॉन इथे येऊन मेला.

लिंकन स्टेशन खाली सखल भागात, किल्ला आणि कॅथेड्रल टेकडीवर. मधल्या रस्त्याचं नावच ‘स्टीप हिल’, म्हणजे खडी चढण. फरसबंदी दगडी रस्ता, कडेला धरायला लोखंडी कठडा. गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सी करावी, हे मी कळकळीने सांगते. आम्ही चालत गेलो, ते मात्र एका घरासाठी बरंच झालं. चढ सुरू होतो तिथे बाराव्या शतकातलं दगडी ‘ज्यूज हाउस’ आहे. दारावर कोरीव कमान आणि वर जोडखिडक्या. १२१५ च्या सनदेत ज्यू सावकारांच्या कर्जाबद्दल कलमं आहेत, पण ती कर्जदाराला वाचवणारी. ज्यू माणसाला वाचवणारं कलम तिच्यात नाही. ज्यू थेट राजाच्या मालकीचे समजले जात. १२५५ मध्ये याच गावात एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ घेऊन एकोणीस ज्यूंना मारण्यात आलं आणि १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं. सनदेचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने आधी या दारासमोर थांबावं, असं मला वाटतं.

किल्ल्याच्या आवारातल्या तळघरासारख्या दालनात सनदा आहेत. आधी मोठ्या पडद्यावर चित्रफीत दाखवतात, मग पुढच्या खोलीत जायचं. आत जवळपास अंधार, कारण शाई उडू नये म्हणून प्रकाश अगदी मंद ठेवतात. मॅग्ना कार्टा दिसायला काहीच नाही. साधारण दोन वीत लांब आणि तेवढंच रुंद कातडं, त्यावर तपकिरी झालेली शाई, बारीक अक्षरातलं लॅटिन, शब्द तोडून तोडून लिहिलेले. कुठे परिच्छेद नाही, कलमांना आकडे नाहीत. आपण ६३ कलमं म्हणतो ते आकडे फार नंतरच्या अभ्यासकांनी घातले. नक्षी नाही, राजाची सही नाही. सही करायची पद्धतच नव्हती, मोहोर असायची, आणि या प्रतीची मोहोर केव्हाच गेली. या कातड्याच्या पाठीवर ‘लिंकोल्निया’ असं दोनदा लिहिलेलं आहे, म्हणजे कुठे पाठवायची ते. आयुष्यभर लखोट्यांवर तालुक्यांची नावं घातलेल्या माझ्यासारखीला त्या पाठीचं फार अप्रूप वाटलं, जरी ती बाजू काचेतून दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कळली ती मोलाची. लिंकन आणि सॉल्सबरीच्या प्रती राजाच्या कारकुनांनी लिहिलेल्या नाहीत. हस्ताक्षरांच्या अभ्यासातून असं दिसलं, की त्या त्या कॅथेड्रलच्या लेखनिकांनीच त्या उतरवल्या आणि राजाकडून मोहोर करून घेतली. म्हणजे ज्यांना हक्क हवा होता त्यांनी राजाच्या कचेरीवर अवलंबून न राहता स्वतः नक्कल केली. माझ्या दृष्टीने सगळ्या मॅग्ना कार्टाचं मर्म इथे आहे. राजाने काय कबूल केलं यापेक्षा ते कोणी लिहून ठेवलं, कोणी जपलं आणि कोणी पुन्हा पुन्हा काढून त्याच्यापुढे धरलं, हे मोठं.

कलमंही अशी रोजच्या जगण्यातली आहेत. थेम्समधले मासे धरायचे बांध काढून टाका. दारूचं, धान्याचं माप देशभर एकच ठेवा. विधवेला दुसरं लग्न करायची सक्ती करू नका. राजाच्या अधिकाऱ्याने धान्य नेलं तर पैसे द्यावेत. कुळाला दंड केला तरी त्याची शेती चालेल एवढं त्याच्याकडे राहू द्यावं. हे शेवटचं वाचून मी भाचीला म्हटलं, आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये हेच तत्त्व आहे. शेतकऱ्यावर जप्ती आली तरी पोटापाण्यासाठी लागणारी औतं, बैल आणि बियाणं नेता येत नाही. बेलिफ दारात आला असताना या एका कलमाने बैलजोडी वाचलेली मी ऐकून आहे.

आणि मग ती प्रसिद्ध दोन कलमं. स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय धरायचं नाही, कोंडायचं नाही, लुबाडायचं नाही. आणि न्याय कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. गर्दी इथेच थांबते, मान डोलावते आणि दरवाज्याकडे वळते.

वनसनद हाताच्या अंतरावर असते. माझ्यासमोर एक मोठा गट आला, त्यांच्या वाटाड्याने मॅग्ना कार्टावर तळमळीने सांगितलं आणि शेजारच्या काचेकडे नुसता हात करून सगळ्यांना बाहेर नेलं. तिथली एक वयस्क स्वयंसेविका मात्र माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, “ही जास्त लोकांच्या उपयोगाची होती.” मग आम्ही बराच वेळ बोलत राहिलो, भाची मध्ये मध्ये मला समजावून सांगत होती.

राजाचं ‘वन’ म्हणजे नुसती झाडी नव्हती. राजाने शिकारीसाठी राखीव जाहीर केलेला मुलूख, त्यात गावं, शेतं, गवताळ रानं सगळं आलं. तिथे राजाचा वेगळा कायदा चाले. हरीण मारलं तर डोळे काढणं, हातपाय तोडणं, जीव घेणं इथपर्यंत शिक्षा होत. सरपण तोडलं, रान नांगरलं, तरी दंड. जॉनच्या आधीच्या राजांनी हा मुलूख वाढवतच नेला होता, कारण दंडातून तिजोरी भरायची. १२१५ च्या सनदेत याबद्दल थोडी कलमं होती. जॉन मेल्यावर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री गादीवर आला आणि राज्याचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या विल्यम मार्शलने त्याच्या वतीने १२१६ मध्ये सनद पुन्हा काढली. १२१७ च्या नोव्हेंबरात तिसऱ्यांदा काढताना रानाचा विषय वेगळा करून ही स्वतंत्र सनद दिली. पोरसवदा राजाला स्वतःची मोहोर नव्हती, तेव्हा मार्शल आणि पोपच्या प्रतिनिधीने आपापल्या मोहरा लावल्या. दोन सनदा झाल्यावर त्या ओळखायच्या कशा, म्हणून पहिलीला ‘मोठी’ म्हणू लागले, तीच मॅग्ना कार्टा. म्हणजे नावसुद्धा तिला या धाकटीमुळे मिळालं.

दहाव्या कलमात लिहिलं आहे, की इथून पुढे हरणाच्या शिकारीपायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड होईल, दंड भरायला काही नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद, मग जामीन देऊन सुटका. आदल्या राजांनी वाढवलेला मुलूख मोकळा करायचा. आपल्या जमिनीत तळं खणा, गिरणी घाला, शेत काढा, फक्त शेजाऱ्याला त्रास देऊ नका. आपल्या रानातला मध आपला. डुकरं चरायला राजाच्या रानातून न्यायला परवानगी, आणि वाटेत एक रात्र ती राजाच्या रानात राहिली तर तेवढ्यावरून मालकाकडून काही काढून घ्यायचं नाही. कुत्र्यांबद्दलही आहे. रानातल्या गावच्या कुत्र्यांनी हरणामागे धावू नये म्हणून त्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं तोडत. सनदेने म्हटलं, तळव्याला धक्का न लावता नखंच तोडा. आणि न तोडल्याबद्दल तीन शिलिंग दंड घ्या, बैल ओढून नेऊ नका. कोणाचा तरी बैल खरंच नेला असणार, एरवी एवढं बारीक कोण लिहितं? नकला करताना मला हे नेहमी जाणवायचं. आदेशात एखादी फार बारीक अट दिसली, की तिच्यामागे कोणाचं तरी मोठं नुकसान झालेलं असतं.

मोठ्यांची सोयही तिच्यात आहे. बिशप किंवा सरदार रानातून जात असला तर वनरक्षकाच्या देखत एक-दोन जनावरं मारायची मुभा. रक्षक हजर नसेल तर शिंग फुंकायचं, म्हणजे चोरी वाटणार नाही. बाईंनी हे सांगताना हाताने शिंग धरून दाखवलं. हक्क ‘स्वतंत्र’ माणसांचे, वेठबिगार कुळांचे नव्हेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते सांगायलाच हवं. तरीही जीव आणि हातपाय वाचवणारं कलम ‘कोणाचाही’ असं म्हणतं. माझ्यासाठी ते बाकी सगळ्यापेक्षा मोठं आहे. ही सनद १९७१ पर्यंत कायद्यात होती.

बाहेर येऊन तटावरून चालत फेरी मारली. वारा फार, पण कॅथेड्रल तिथूनच सगळ्यात छान दिसतं. निकोला द ला हे नावाच्या बाईने हा किल्ला यादवीत लढवला, साठी उलटलेली असताना. वयामुळे आता सोडते म्हणून तिने किल्ल्या जॉनपुढे ठेवल्या, तर त्याने त्या तिच्याकडेच ठेवायला सांगितल्या. २० मे १२१७ ला मार्शलने बंडखोरांचा वेढा फोडला, आणि जिंकलेल्या फौजेने शहर लुटलं. बायका-मुलं होड्यांतून पळताना बुडाली. वनसनद याच वर्षाची.

रनीमीड स्लाउहून जवळ, म्हणून ते शेवटी केलं. तिथे नुसतं कुरण आणि नदी आहे, डोक्यावरून हीथ्रोची विमानं. अमेरिकन वकिलांच्या संघटनेने १९५७ मध्ये बांधलेल्या छत्रीपाशी लोक फोटो काढतात. मला थांबवलं ते शिल्पकार ह्यू लॉक यांच्या बारा कांस्याच्या खुर्च्यांनी. सनदेला आठशे वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, त्या गवतात मांडल्या. प्रत्येकीवर हक्कांसाठीच्या झगड्यांची चित्रं. त्यात आमच्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आहेत! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या, तिथे कायदा शिकणारी पहिली बाई. पण बाईला बॅरिस्टर होता येत नसे. कायदा बदलला १९१९ मध्ये, आणि त्यांना लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेकडून बॅरिस्टरी मिळाली १९२३ मध्ये. न्याय लांबवणार नाही असं ज्या कुरणात लिहून दिलं, तिथे त्यांची तीस वर्षांची वाट कांस्यात घातली आहे, हे मला फार योग्य वाटलं. त्या खुर्चीत मी बसले आणि भाचीला त्यांची सगळी हकीकत सांगितली. ती नाशिकला शिकलेली, तिने हे नाव ऐकलेलं नव्हतं. हे मला लिंकनच्या गर्दीइतकंच लागलं.

आता डरहॅम राहिलं आहे. १२१७ च्या वनसनदेची उरलेली दुसरी प्रत तिथल्या कॅथेड्रलकडे आहे, आणि मार्शलने १२१६ मध्ये काढलेल्या सनदेची जगातली एकुलती एक प्रतही. त्या सनदा नेहमी मांडलेल्या नसतात, त्यामुळे आधी विचारून जायचं. भाचीला सांगून ठेवलं आहे, की तिकिटं महिनाभर आधी काढ. ऐनवेळी काढलेल्या तिकिटाला लिंकनच्या वेळी जे पैसे पडले, त्यात आमच्याकडे अख्खं कुटुंब पंढरपूरला जाऊन आलं असतं.