लिलावाच्या तारखेची किंमत

शर्यतीच्या जातीचे वर्षभराचे शिंगरू विकत घ्यायचे, सहा-आठ महिने त्याला घडवायचे आणि दोन वर्षांचे झाले की पुन्हा लिलावात उभे करायचे, या धंद्याला पिनहूकिंग म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात खरेदी आणि विक्री असे दोनच आकडे दिसतात. गेली काही वर्षे मी अशा शिंगरांच्या खर्चाची वही लिहीत आहे. या धंद्यात सर्वांत जड जाते ती लिलावाची आधीच ठरलेली तारीख, हे माझे मत प्रत्येक हंगामाअखेर अधिक पक्के होत गेले आहे.

रोजच्या खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, वैरण, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचे पगार, दर चार ते सहा आठवड्यांनी येणारा नालबंद, लसी, जंतनाशके, दातांना मारावी लागणारी कानस आणि खरेदीच्या रकमेच्या प्रमाणात भरावा लागणारा विम्याचा हप्ता ही सगळी खाती महिन्याच्या महिन्याला ठरल्याप्रमाणे चालतात. पाठीवर आधी नुसता पट्टा, मग खोगीर आणि शेवटी माणूस, अशा क्रमाने शिंगराला सरावाला लावणाऱ्या चाबूकस्वाराची मजुरी मात्र कधीही कमी करू नये, असे मला मनापासून वाटते. त्या काही आठवड्यांत घाई झाली, तर शिंगराच्या मनात बसलेली भीती पुढे कितीही पैसे ओतले तरी निघत नाही.

अडचण सुरू होते ती वेग वाढवताना. उत्तर गोलार्धात सर्व शर्यती घोड्यांचे वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री एकाच वयाचे ठरते आणि दोघांनाही त्याच लिलावात धावून दाखवावे लागते. ग्राहकांसमोर घेतली जाणारी ही दौड बहुधा एका फर्लांगाची, म्हणजे सुमारे 201 मीटरची असते. ती 10 सेकंदांत पूर्ण करणारे शिंगरू पाठीवर स्वार घेऊन ताशी सुमारे 72 किलोमीटर वेगाने धावलेले असते. 2006 साली फ्लोरिडात 'द ग्रीन मंकी' या शिंगराने हेच अंतर 9.8 सेकंदांत कापले आणि त्याला 1 कोटी 60 लाख डॉलर मिळाले. वर्षभराचे असताना ते 4 लाख 25 हजार डॉलरना घेतलेले होते. पुढे ते तीनच शर्यती धावले आणि एकही जिंकले नाही. विक्रेत्याच्या वहीत तो अर्थातच मोठा नफा आहे, परंतु अशा एका आकड्यावर नजर ठेवून कोवळ्या हाडांवर सेकंदाचा दहावा हिस्सा वाचवण्याचा भार टाकला जातो, याचे मला वाईट वाटते. हाड भाराने बळकट होते हे खरे. पण भार त्याच्या गतीपेक्षा लवकर वाढला, तर पुढच्या पायांच्या नळ्या दुखू लागतात.

आता चार शिंगरांचा हिशेब मांडू. प्रत्येकाची खरेदी 100 आणि घडवण्याचा खर्च 60 धरला, तर एकूण 640 गुंतले. त्यांपैकी एक लंगडल्यामुळे लिलावापर्यंत पोहोचले नाही आणि दुसऱ्याच्या एक्स-रेमध्ये सांध्याजवळ दोष दिसल्याने ते 80 ला गेले, तर उरलेल्या दोघांनी मिळून 560 आणले तरच मुद्दल सुटते. शिवाय लिलावगृहाची अडत शेकडा 5 धरली, तर त्या दोघांवर प्रत्येकी 295 च्या आसपास बोली लागायला हवी. बोली विक्रेत्याने आधी ठरवलेल्या राखीव किमतीपर्यंत गेली नाही, तर जनावर घरी परत येते आणि त्याची चंदी पुन्हा सुरू होते.

गेल्या हंगामात आमच्याकडे एप्रिलअखेर जन्मलेली एक कुम्मैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची शिंगी होती. लिलावाला तीन आठवडे राहिले असताना, सकाळी खरारा करून झाल्यावर मोतद्दाराने नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या पायाच्या नळीवरून अंगठा फिरवला, तेव्हा तिने पाय झटकन मागे घेतला. सूज दिसत नव्हती; तळहात ठेवल्यावर उजव्या पायापेक्षा किंचित ऊब मात्र जाणवत होती. औषध देऊन ती दौड निभावून नेता येईल, असे सुचवणारेही भेटले. आम्ही तिचे नाव मागे घेतले. नोंदणीचे पैसे बुडाले, एक्स-रे पुन्हा काढावे लागणार होते आणि पुढच्या लिलावापर्यंतच्या दहा आठवड्यांची चंदी, मजुरी, विमा हे सगळे तिच्या खात्यावर चढले. पहिले चार आठवडे तिला फक्त काढणीचा दोर धरून फिरवले. पाचव्या आठवड्यात अंगठा त्याच जागी दाबला तेव्हा ती शांतपणे वैरण खात उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर खोगीर चढले.