बॅकअपची निवड : आमची वाटचाल

सुरुवातीला आमचा बॅकअप म्हणजे संध्याकाळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून दिवसभराची ड्रॉइंग्ज तिच्यावर उतरवणं. दोन-तीन माणसांना तेवढं पुरायचं. पुढे माणसं वाढली, सर्व्हर आला, हिशेब डेटाबेसमध्ये गेले आणि रीतसर सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

माहितीपत्रकं उघडण्याआधी आम्ही प्रत्येक विभागाला दोन प्रश्न विचारले. किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? आणि किती वेळ काम बंद राहिलं तर चालेल? ड्रॉइंगवाल्यांना आदल्या रात्रीपर्यंतचं मिळालं तरी भागणार होतं. हिशेबाला तासाभराच्या नोंदीही जाणं परवडत नव्हतं. जुने प्रकल्प दोन दिवसांनी मिळाले तरी कुणाचं अडणार नव्हतं. फक्त रात्री चालणारी आणि चालू डेटाबेसची सुसंगत प्रत न घेणारी सॉफ्टवेअर्स इथेच गळाली.

सगळं क्लाउडवर ठेवायचा मोह होता. पण 100 एमबीपीएसच्या लाइनवरून 1 टीबी उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, 22 तास लागतात. म्हणून एक प्रत ऑफिसातच ठेवली, आग-चोरीसाठी दुसरी बाहेर. 2017च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या होत्या. त्यामुळे बाहेरची प्रत ठरलेल्या मुदतीपर्यंत ॲडमिनलाही पुसता येऊ नये, ही आमची अट होती.

खरी निवड झाली रिस्टोअरच्या वेळी. उरलेल्या सॉफ्टवेअर्सच्या ट्रायल आवृत्त्या घेतल्या आणि कोऱ्या मशीनवर सगळं परत उतरवलं. हिशेबातल्या ताईंनी स्वतः खातेवही उघडून शेवटचं व्हाउचर जुळवलं. एका सॉफ्टवेअरचा अहवाल पूर्ण हिरवा होता, पण उतरलेल्या फोल्डरवरच्या परवानग्या गायब. पगाराची फाइल कुणालाही उघडत होती. ते तिथेच बाद झालं. जानेवारी 2017मध्ये गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचा, मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या बॅकअप पद्धती कामी आल्या नाहीत. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीने, निभावलं. हे वाचल्यापासून नुसत्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

परवाना डेटाच्या आकारावर नव्हे, तर मशीनप्रमाणे असलेला घेतला, कारण आमचा जुना डेटा फुगतच जातो. वर्गणी संपली तरी जुन्या प्रती उघडता येतील का, हे मात्र विक्रेत्याकडून आधी लेखी घेतलं. आता दर तिमाहीला रिस्टोअर होतो आणि तो दर वेळी वेगळा माणूस करतो.