टर्कीचा सगळ्यात थोराड नर पैदाशीला ठेवू नका

पैदाशीचा नर निवडायचा म्हटलं की हात आपोआप कळपातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्याकडे जातो. बोकडाच्या बाबतीत हे खपून जातं, टर्कीत अंगाशी येतं. 28 दिवस उबवणी यंत्र चालवायचं, विजेचं बिल भरायचं आणि शेवटी निम्मी अंडी वांझ निघायची, यामागे बहुतेक वेळा यंत्र नसतं. पिसारा फुलवून कळपात मिरवणारा तोच थोराड नर असतो.

आधी त्यांचा संग होतो कसा ते पाहू. मादी जमिनीला दबून बसते. नर तिच्या पाठीवर चढतो आणि पायांनी बराच वेळ तुडवत राहतो. मग शेपूट खाली वाकवून आपलं मलद्वार तिच्या मलद्वाराला क्षणभर टेकवतो. आत शिरणारा अवयव टर्कीच्या नराला नसतो, त्यामुळे सगळं त्या टेकण्यावर अवलंबून. रुंद छातीच्या जातीत छातीचं मांस इतकं पुढे आलेलं असतं की नर पाठीवर चढला तरी त्याचा मागचा भाग खाली पोहोचतच नाही. तो तुडवतो, उतरतो, पुन्हा चढतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं काम झालं. मादीच्या पंखाखालची कातडी मात्र त्याच्या नखांनी फाटलेली असते, आणि अशी जखम झालेली मादी पुढे नराला जवळ येऊ देत नाही. नखं बोथट करणं आणि मादीच्या पाठीवर जाड कापडाचं खोगीर बांधणं, हे दोन्ही उपाय जखमेवर आहेत, फलनावर नाहीत.

म्हणूनच मध्यम जातीत 5 माद्यांना 1 नर धरतात आणि मोठ्या जातीत 3 माद्यांनाच 1. झाबुआच्या कडकनाथची सवय असलेल्याला हे प्रमाण फारच खर्चिक वाटतं, कारण तिथे एक कोंबडा आठ-दहा कोंबड्या सहज सांभाळतो. (कडकनाथचा विषय निघालाच आहे तर, टर्की आणि कोंबड्या एका आवारात ठेवू नका. कोंबडीला फारसा त्रास न देणारा ब्लॅकहेड हा रोग टर्कीला मारतो.) बाजारातल्या औद्योगिक रुंद छातीच्या वाणांचे पैदाशीचे नर तर 25 किलोच्या वर जातात. तिथे नैसर्गिक संगाचा विचारच सोडून दिलेला आहे, सगळी पैदास कृत्रिम रेतनावर चालते. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात 1930च्या दशकात घरगुती ओव्हनमध्ये मावेल असा लहान पांढरा वाण तयार करायला घेतला, आणि त्याच दशकात तिथेच बरोज आणि क्विन या संशोधकांनी पोट चोळून वीर्य काढायची पद्धत बसवली. एकाच जागेतून टर्कीवाल्याला दोन वाटा मिळाल्या: पक्षी लहान ठेवा, नाहीतर रेतन शिका. आपल्याकडच्या 20-30 पक्ष्यांच्या शेडला पहिली वाटच परवडते असं माझं मत आहे. बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइटचा नर 20 आठवड्यांत 7-8 किलो भरतो, मादी साडेचार-पाच किलो. एवढ्या अंगाला आपलं आपण जमतं.

आता मादी. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण दोष बाहेरून दिसत नाही. वजनासाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या वाणात अंडी कमी होत जातात, हे ओहायोमध्ये वेगवेगळ्या वंशावळी वर्षानुवर्षं निवडत नेऊन तपासलेलं आहे. कारण बीजांडकोशात असतं. नेहमीच्या मादीत पिवळे बलक चढत्या क्रमाने मोठे होत जातात, एक सुटला की दुसरा त्याची जागा घेतो. थोराड मादीत एकाच आकाराचे दोन-तीन बलक एकदम तयार होतात आणि एकाच दिवशी सुटतात. मग दोन बलकांचं अंडं येतं, किंवा एकाला कवच मिळतं आणि दुसरं मऊ पडतं, किंवा एखादा बलक अंडनलिकेत न शिरता पोटातच पडतो. म्हणजे बीजांडकोश राबतोय आणि ट्रेमध्ये अंडं नाही. खाद्य खाणाऱ्या मादीखाली अंडी दिसत नसतील तर खुराड्यातली ओली भुसी उलटून पाहा. कवच नसलेली अंडी बहुधा तिथेच सापडतात.

यावर ‘मग मादीला कमी खायला घाला’ असा सल्ला मिळतो. तो ब्रॉयलरच्या पैदाशीतून उचललेला आहे. टर्कीची मादी अंडी द्यायला लागली की आपणहून कमी खाते आणि वजन घटवते. तिला अंड्यावर आणण्यासाठी दिवे वाढवायच्या वेळी ती आधीच बारीक असली तर पुढे अंडी लहान आणि थोडी येतात. तेव्हा उपाशी ठेवू नका, वाढ सारखी ठेवा. दर आठवड्याला कळपातले दहा टक्के पक्षी पोत्यात घालून काट्यावर लटकवा. सरासरीपेक्षा फार जड आणि फार हलक्या अशा दोन्ही बाजूंच्या माद्या बाजूला काढा. अंड्यावरच्या मादीचं खाद्य 15-16 टक्के प्रथिनांचं आणि अडीच ते तीन टक्के कॅल्शियमचं असावं. मका आणि सोयाची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) इंदूरला मिळण्याची चिंता नाही, लोक चुकतात ते कॅल्शियमसाठी घालायच्या शिंपल्यात. तेच शिंपलायुक्त खाद्य नरांपुढे टाकू नका. त्यांना कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास पुरतं, म्हणून नरांचं कुंपण आणि भांडं वेगळं.

नरांची निवड 16-18 आठवड्यांना करायची. आधी पाय बघायचे: सरळ उभा राहतो का, चालताना डुलतो का, पंज्याखाली घट्टे आहेत का. मग छाती, शेवटी वजन. वरचे सगळ्यात जड आणि खालचे सगळ्यात हलके सोडून मधले ठेवायचे. त्यानंतर त्यांचं खाद्य मोजून द्यायचं, म्हणजे वजन हळूहळू वाढत राहील. एकदम तोडायचं नाही, वजन उतरणारा नर वीर्य देणं बंद करतो.

मोठी जात घेऊन बसलेल्यांसाठी रेतनाचं थोडं सविस्तर. नर 32-36 आठवड्यांचा हवा आणि माद्यांपासून निदान 15 दिवस वेगळा ठेवलेला. वीर्य काढण्याआधी सहा-आठ तास खाद्य बंद, नाहीतर विष्ठा मिसळते. एकाने नराची छाती बाकावर टेकवून पाय धरायचे, दुसऱ्याने पोटाखालून आणि पाठीवरून शेपटीकडे चोळत न्यायचं, मलद्वार उलटून वर आलं की अंगठा-तर्जनीने मागून दाबायचं. मिळतं किती? 0.15 ते 0.30 मिली. घट्ट, मोतिया पांढरं असेल तर चांगलं. पिवळं, पाण्यासारखं किंवा रक्त-विष्ठा मिसळलेलं असेल तर फेकून द्या, बाकीच्यात मिसळू नका. अर्ध्या तासात वापरून टाका.

मात्रा एका मादीला 0.025 मिली. म्हणजे 0.25 मिलीत 10 माद्या होतात. 1 मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या, तिच्यावर 0.01 च्या खुणा असतात. घाईत इन्सुलिनची सिरिंज उचलली तर टोपणावरचा आकडा वाचा: 40 युनिटवालीत ही मात्रा 1 युनिट भरते, 100 युनिटवालीत अडीच. सुई लावायची नाही, तोंडाला बारीक नळीचा तुकडा लावायचा, प्रत्येक मादीला नवा. आधी थोडी हवा ओढा, मग वीर्य, म्हणजे नळीत काही अडकून राहत नाही.

मादीच्या पाठीवर हात ठेवला की ती दबून बसली पाहिजे. बसली नाही तर अजून वेळ आहे. पोटाच्या डाव्या बाजूला दाब दिला की मलद्वारात डावीकडे अंडनलिकेचं तोंड गुलाबाच्या कळीसारखं बाहेर येतं. नळी तीन-साडेतीन सेंटीमीटर आत, आणि वीर्य सोडण्याच्या क्षणी पोटावरचा दाब सोडायचा. दाब तसाच ठेवला तर घातलेलं सगळं परत बाहेर. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त हेच होतं. चरबी धरलेल्या मादीत ते तोंड बाहेर येतच नाही, मग लोक अधिक जोराने दाबतात आणि आतलं अंडं फोडतात. वेळ संध्याकाळी पाचनंतरची, कारण जवळपास 70 टक्के अंडी दुपारी पडतात आणि अंडनलिकेत कवचाचं अंडं असताना रेतन वाया जातं. अंड्यांचं प्रमाण 8-10 टक्क्यांवर (100 माद्यांमागे रोज 8-10 अंडी) आलं की पहिलं रेतन, पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि 12 आठवड्यांनंतर फलन घटत जातं म्हणून दर 8-10 दिवसांनी. इतकं अंतर चालतं कारण मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात. एका रेतनावर कित्येक आठवडे फलित अंडी येऊ शकतात.

हे सगळं जमलं की नाही ते आठव्या-दहाव्या दिवशी टॉर्चने कळतं, पण नुसती टॉर्च पुरत नाही. जी अंडी पारदर्शक दिसतात त्यातली दहा-बारा बशीत फोडा. बलकावर लहानसा, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका म्हणजे फलन झालंच नाही, चूक नरात किंवा रेतनात. पांढरी चकती पसरलेली आहे आणि रक्ताची कडी किंवा डाग दिसतोय, तर फलन झालं होतं आणि गर्भ मेला. चूक साठवणीत, यंत्रात किंवा खाद्यात. दोन्हींना ‘वांझ’ म्हणून एकाच टोपलीत टाकलं की पुढच्या वेळी नरही बदलतो आणि तापमानही, आणि नेमकं काय सुधारलं ते कळत नाही. बेल्ट्सव्हिलच्या वाणात आणखी एक गंमत आहे: नराशिवाय घातलेल्या काही अंड्यांतही पेशी वाढू लागतात. रक्त नसलेला नुसता पापुद्रा दिसला तर गर्भ मेला म्हणून हळहळू नका.

यंत्रात 75 ते 95 ग्रॅमची अंडी घाला, दोन बलकांची आणि खरखरीत कवचाची खाण्यात घाला. 37.5 अंश, 25 दिवस 55-60 टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस 70-75. सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, जागा 13-16 अंशांची हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो तेव्हा ती साध्या खोलीत मिळत नाही. त्या उन्हात थोराड नर नुसता तोंड उघडून धापा टाकत उभा राहतो, वीर्यही घटतं.

म्हणून मार्चमध्ये पिल्लं काढलेली बरी. माद्या 30 आठवड्यांच्या होतात ऑक्टोबरमध्ये. तेव्हा इंदूरचा दिवस 12 तासांच्या खाली घसरत असतो, डिसेंबरात तो पावणेअकरा तासांच्या आसपास येतो, त्यामुळे संध्याकाळी दिवे लावून उजेड 14 ते 16 तासांवर न्यायचा. नरांच्या कुंपणातला उजेड तीन-चार आठवडे आधीच वाढवायचा, कारण वीर्य तयार व्हायला वेळ लागतो. माद्या दिव्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंड्यावर येतात आणि अंड्यांचा मुख्य काळ थंडीत पडतो. खुडूक बसणाऱ्या मादीला लगेच घरट्यावरून उठवून उजेडाच्या वेगळ्या कुंपणात टाका, बसू दिली तर आठवडेच्या आठवडे जातात. आणि जुलैत निवडीतून बाजूला काढलेले ते सगळ्यात जड नर? ते डिसेंबरात 40 आठवड्यांचे होतात, नाताळच्या तोंडावर. त्यांना खाऊ घालताना हात आखडू नका.