आमची वाटचाल: फुटिंग आणि भिंत एकाच दिवशी

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी किंवा चंदगडच्या बाजूला ज्यांनी गोदाम बांधले आहे, त्यांना पायाच्या भिंतीतून येणाऱ्या ओलीबद्दल वेगळे सांगायला नको. पावसाळ्याचे पाणी तेथील तांबड्या मातीत आठवडेच्या आठवडे मुरत राहते, आणि आधी फुटिंग (भिंतीखालचा काँक्रीटचा रुंद थर) व नंतर सवडीने भिंत ओतलेली असेल तर नेमके त्या सांध्यातून आत शिरते. त्यावर उपाय म्हणून स्टार्टर (भिंतीचा बुटका पहिला थर) घाला, सांधा टाचून धुवा, वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) बसवा. शेवटी सारे त्या दिवशीच्या गवंड्याच्या हातावर आणि मालकाच्या घाईवर अवलंबून राहते. आम्ही फुटिंग आणि भिंत एकाच दिवशी ओतून तो सांधाच काढून टाकला, आणि फर्मची जी काही ओळख आज आहे ती त्यामुळेच.

आमच्या पहिल्या प्लेटा (ओल्या काँक्रीटला धरून ठेवणारे साचे) बेळगावच्या उद्यमबागेतील एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये तयार झाल्या. शॉपच्या मालकांना आम्ही मामा म्हणत असू. कागदावर ते आमचे भागीदार कधीच नव्हते, प्रत्यक्षात अर्धी फर्म त्यांचीच होती. या पद्धतीत भिंतीच्या प्लेटा खाली टेकवता येत नाहीत, कारण खाली फुटिंगचे ओले काँक्रीट असते. त्या चरावर आडव्या टाकलेल्या चॅनेलांना (लोखंडी तुळयांना) टांगाव्या लागतात आणि तरीही ओळंब्यात राहाव्या लागतात. मामांनी चॅनेलला आटे पाडलेले रॉड आणि दुहेरी नट बसवून दिले. पान्याचा अर्धा फेरा दिला की प्लेट सूतभर वर किंवा खाली येई. ते रॉड आम्ही आजही ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि नव्या पोरांच्या हाती देत नाही.

आमच्याच साइटवर शिकलेल्या एका मेस्त्रीने पुढे स्वतंत्र धंदा सुरू केला. त्याला आमची हरकत नव्हती. पहिल्या कामासाठी चॅनेलही त्याने आमच्याकडूनच भाड्याने नेली. त्याने दर पाडला आणि वेळ वाचवण्यासाठी फुटिंग आणि भिंत यांच्या मधली थांब गाळली. जाणकारांना हे ठाऊकच आहे की ताजे काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलो भरते, म्हणजे २ मीटर उंच भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला जवळपास ५ टन दाब येतो. फुटिंग जरा आवळण्याआधीच भिंत भरत गेले, तर तो दाब फुटिंगच्या उघड्या माथ्यातून वाट काढतो. त्याच्या साइटवर तेच घडले. माणसे वरून घमेली ओतत राहिली, भिंत काही भरेना, आणि खाली प्लेटांच्या दोन्ही अंगांना काँक्रीट उसळून चर भरत गेला. एवढे होऊनही त्याने घरमालकाला सांगितले की पद्धतच खोटी आहे, आपण ती अमुक फर्मकडून घेतली.

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. ज्या इंजिनिअरांनी आमच्या भिंती स्वतः तपासल्या होत्या, त्यांनीही ड्रॉइंगवर ‘फुटिंग व भिंत स्वतंत्र ओतावी’ असे लिहायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी एकानेही आम्हाला फोन करून विचारले नाही, याचे वाईट आजही वाटते. ठरलेली कामे गेली, आणि त्यातच नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्याने शनिवारचा पगार कशात द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. मिक्सरचे हप्ते थकले. मामांनी त्या काळात एकदाही बिलाची आठवण केली नाही.

आम्हाला उभे केले ते चंदगड रस्त्यावरच्या एका काजू कारखानदारांनी. काजूगराला ओल अजिबात चालत नाही, आणि त्यांच्या जुन्या गोदामाच्या कोपऱ्यातली पोती दर श्रावणात खराब होत. लोकांचे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, “तुम्ही ओता, पाणी येतंय का ते पावसात मी बघतो.” पावसाळ्यात त्यांनी भिंतीच्या बुडाशी वर्तमानपत्रे पसरून ठेवली होती, आणि ती कोरडी निघाली. पुढची तीनही गोदामे त्यांनी कोटेशन न मागता आम्हाला दिली. त्यानंतरची वर्षे बरी गेली.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना, विचारले नसले तरी, सांगतो. फुटिंग भरल्यावर थांबा, पण इतके नव्हे की व्हायब्रेटरची सुई खालच्या थरात शिरणार नाही. सुई थोडी आत गेली तरच दोन्ही थर एकजीव होतात, आणि फार खोल गेली तर आवळलेले फुटिंग पुन्हा पातळ होऊन उसळते. भिंत हात-दीड हाताच्या थरांनी, चौफेर फिरत भरा. मिक्सरवाल्याला जादा पाणी घालू देऊ नका. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारा, काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ मध्येही तसेच आहे. आणि साहित्य भाड्याने देताना अनामत घ्या, समोरचा कितीही ओळखीचा असो.

तो मेस्त्री आता मोठा कंत्राटदार आहे आणि त्याच्या जाहिरातीत ‘मोनोलिथिक फाउंडेशन’, म्हणजे एकसंध पाया, ठळक अक्षरांत छापलेले असते. आमची चॅनेल त्याने अजून परत केलेली नाहीत.