सोनोग्राफीतला ग्रेड आणि ताटातला भात

पित्ताशयातील खड्यांच्या संशयावरून पोटाची सोनोग्राफी करावी आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी ओळ यावी, हे आता आमच्या रत्नागिरीतही नवलाचे राहिलेले नाही. माझ्या अहवालातही ती आली. तेव्हापासून माझ्या लक्षात येते, की जो तो ग्रेड विचारतो; आणि त्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही.

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली, की त्यास फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीत यकृत किती उजळ दिसते, त्यावरून बांधलेला अंदाज म्हणजे ग्रेड. खरे विचारायचे ते हे, की सुजेमुळे यकृतात व्रण धरू लागले आहेत का, म्हणजेच फायब्रोसिस आहे का. कारण सिऱ्होसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होण्याची, वाट तेथून पुढे जाते. त्याची पहिली चाचपणी स्वस्त आहे. वय, रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून फिब-फोर हा निर्देशांक काढतात, तो १.३ च्या खाली असेल तर प्रगत फायब्रोसिसची शक्यता कमी (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), वर असेल तर डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, सुचवतात. नुसती एसजीपीटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नये; व्रण असतानाही ती नॉर्मल असू शकते.

‘मी तर काटकुळा, मला कसे?’ हा प्रश्न येथे वारंवार कानी पडतो. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, अशी ठेवण पुष्कळांची असते. इन्सुलिन नीट काम करेनासे झाले, की पोटाभोवतीची चरबी यकृताकडे येते आणि जादा साखरेपासून यकृत स्वतःही चरबी बनवते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही हवी: कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत.

आता ताटाकडे वळू. माशांवर उगाच आळ येतो. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ भरपूर असते. अडचण आहे ती त्यांना रव्यात घोळवून तळणाऱ्या तेलाची आणि सोबतच्या भाताच्या डोंगराची. सकाळी घावन, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, हा क्रम मोडून एक वेळ नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आणली, तर जिभेला फारसे सोसावे लागत नाही. नारळात संपृक्त चरबी असते, तेव्हा वाटपात हात आखडता घ्यावा. पण नारळच वर्ज्य करा असे कोकणात सांगणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ते आवश्यकही नाही. अमृत कोकम मात्र मी बंद केले आहे. आरोग्यदायी म्हणून आपण ते पाहुण्यांना देतो, पण त्या पाकात साखरच अधिक असते. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, पाण्यात घालून, मीठ-जिरे लावून तीच तहान भागते.

वजन ५ टक्के उतरले तर यकृतातील चरबी घटते, ७ ते १० टक्के उतरले तर सूजही ओसरते, आणि १० टक्क्यांपुढे फायब्रोसिस मागे हटण्याची शक्यता वाढते. सत्तर किलोच्या माणसाला याचा अर्थ साडेतीन ते सात किलो, तेही हळूहळू. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवल्यास यकृताची सूज उलट वाढू शकते. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालल्यास वजन न हलताही यकृतातील चरबी कमी होते. दारू पूर्ण सोडणे उत्तम.

कावीळ झाली की झाडपाला देणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत असतोच, आणि ‘लिव्हर साफ’ करणारे काढेही तेथूनच सुचवले जातात. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. त्यामुळे कोणताही काढा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. नवी औषधे आली आहेत, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम या औषधाला मान्यता मिळाली, पण ही औषधे सूज आणि मध्यम ते प्रगत फायब्रोसिस असलेल्यांसाठी. सिऱ्होसिस झालेल्यांसाठी किंवा माझ्यासारख्या ग्रेड एकवाल्यांसाठी नव्हेत.

फॅटी लिव्हरच्या रुग्णांना मोठा धोका हृदयविकाराचा असतो, म्हणून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी नियमित हवी. मधुमेह असेल तर फिब-फोर दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढावा.