मध गोठला म्हणून परत पाठवू नका हो

थंडी पडली की आमच्या ऑनलाइन ऑर्डरवर एकच तक्रार चालू होते, "खाली साखर बसलीय, भेसळ आहे." सोबत फोटो, एक स्टार आणि पैसे परत मागितलेले. त्या फोटोत पांढरट, रवाळ असं जे दिसतं ना ते ग्लुकोज आहे, मधात मुळातच असतं आणि गार हवेत त्याचे कण धरतात. ज्या फुलोऱ्याच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो, फ्रुक्टोज जास्त असला की उशिरा. बाटली हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात ठेवा, हळूहळू परत पातळ होतो. उकळत्या पाण्यात मात्र नको, वास आणि चव दोन्ही जातात.

साताऱ्यात राजवाड्यापाशी मध विकताना हे सांगायला दोन मिनिटं लागतात. माणूस बोटावर घेऊन चाखतो, विचारतो, पटलं की घेतो. मोबाईलवर चाखणार कसं? मग लोक युट्यूब बघून पाण्यात थेंब टाकतात, तळाशी गेला म्हणजे शुद्ध! अहो, साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाशी जातो. खरी भेसळ लॅबमध्येच कळते.

आमच्या पेट्या जावळीच्या डोंगरात, सातेरी माशीच्या. सातेरी मेलिफेरा या परदेशी माशीपेक्षा मध कमी देते, पण आपल्या घाटातलीच माशी आहे आणि जांभूळ, हिरडा, गेळा असं जे फुलेल त्याच्यावर जाते. म्हणून मागच्या बाटलीचा रंग या बाटलीला येईलच असं नाही, जांभळाचा मध गडद असतो आणि मागून जरा तुरट लागतो. "पहिल्यासारखा नाही" म्हणून रेटिंग कापलं की खरंच वाईट वाटतं, कारण दरवेळी एकसारखाच रंग आणि एकसारखीच चव हवी असेल तर बरेच मध एकत्र करावे लागतात, आणि ते आम्हाला करायचं नाही.

अजून एक, "एक किलो म्हणता आणि बाटली एवढीशी?" मध पाण्यापेक्षा जड असतो, किलोभर मध साधारण ७०० मिलीच्या बाटलीत बसतो. वजन करून बघा.

गावाकडच्या ज्यांना विकायचंय त्यांच्यासाठी, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नंबर नसताना पण ऑनलाइन बाजारात माल विकता येतो, फक्त आपल्याच राज्यात, आणि जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी करून. अन्नपदार्थ असल्यामुळं एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या, नोंदणीचं बघावंच लागतं. काचेची बाटली दिसायला भारी पण कुरिअरमध्ये फुटते आणि वजनाचा खर्च अंगावर येतो, म्हणून आम्ही फूड ग्रेड प्लास्टिक वापरतो आणि झाकणाच्या आत सील मारतो, नाहीतर आडवी पडली की मध झिरपतो आणि शेजारचं पार्सल पण खराब.

२०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आपल्या भागाचं नाव झालं, फार बरं वाटलं. पण नाव बघून घेणाऱ्याला गोठलेला मध दाखवायलाच हवा. म्हणून आता आमच्या लिस्टिंगला पातळ सोनेरी मधाच्या शेजारी जानेवारीतल्या गोठलेल्या बाटलीचा फोटो आहे, खाली काढणीचा महिना आणि फुलोरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका हे पण ठळक लिहिलंय. ऑनलाइन बाजारवाल्यांना एकच मागणं, तक्रारीच्या यादीत "मध गोठला" असा वेगळा पर्याय द्या आणि तो निवडला की पैसे परत करायच्या आधी कोमट पाण्याची माहिती दाखवा.