सात नंबरचा हात

सात नंबरच्या काकांसाठी मी रोज नवीनच असायचे. सकाळी ट्रे घेऊन गेले की छान हसायचे, "नवीन आलात का सिस्टर?" विचारायचे आणि तेव्हाच उजवा हात हळूच चादरीखाली, मागोमाग डावा पण. बीपी घ्यायचंय म्हणलं तरी नाही. दुसऱ्या सिस्टरला मात्र आपणहून हात पुढे, बाही पण स्वतःच वर सरकवणार.

निदान होतं कोर्साकॉफ सिंड्रोम. वर्षानुवर्षं दारू, जेवणाची आबाळ, त्यात बी१ व्हिटॅमिन इतकं कमी पडलं की नवीन आठवणी साठवायची मेंदूतली यंत्रणाच कामातून गेली. जुनं घडाघडा सांगणार पण दहा मिनिटांपूर्वीचं विचारलं तर पाटी कोरी, आणि ती कोरी आहे हे त्यांना कळतही नाही, मेंदू काहीतरी रचून जागा भरतो. खोटं बोलणं नाही हे, बोलणाऱ्याला ते खरंच वाटत असतं.

त्यामुळे हात का लपवला विचारलं की रोज नवं उत्तर. "तुमचे हात गार आहेत." "खांदा आखडलाय." एकदा तर "आत्ताच तपासून गेले की डॉक्टर". मी हसून सोडून द्यायचे.

एकदा ड्यूटी बदलताना हँडओव्हरला सोबतच्या सिस्टरने सहज विचारलं, तू सातला कायम शेवटी का जातेस गं? मी लगेच म्हणलं, त्यांना वेळ लागतो, बाकीचे खोळंबतात. आणि बोलता बोलताच वाटलं की हे फारच पटकन आलं तोंडात, अगदी काकांसारखं. कारण वेळ तर बारा नंबरला जास्त लागतो आणि तिथे मी पहिली जाते.

मग ते सुईचं डोळ्यासमोर आलं. विसरले नव्हते, पण तिकडे बघत नव्हते. ते ॲडमिट झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी रक्ताचं सॅम्पल मीच घेतलेलं. शीर सापडेना, दोनदा सुई चुकली, तिसऱ्या वेळी ते हात ओढायला लागले तेव्हा मी दंड दाबून धरला आणि ओरडले, "गप्प बसा हो जरा!" सॅम्पल मिळालं, कापूस लावला, पाच मिनिटांनी काका मलाच विचारतायत नवीन आलात का. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं, त्यांना आठवत नाही म्हणजे झालंच नाही.

वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले क्लापारेद वाच. हा जिनिव्हाचा मानसशास्त्रज्ञ, १९११ साली त्याने लिहून ठेवलंय की अशाच आजाराच्या एका बाईशी हात मिळवताना त्याने बोटांत टाचणी लपवली (आज कुठली एथिक्स कमिटी ह्याला दारात उभं करेल!). टोचलेलं बाई लगेच विसरली, पण पुढच्या वेळी त्याने हात पुढे केला तर तिने आपला मागे घेतला, आणि का विचारल्यावर लोकांच्या हातात कधीकधी टाचण्या असतात असं काहीसं म्हणाली. काय घडलं ते साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि त्याला जोडलेले भाग लागतात, ह्या माणसापासून जपून हे शिकायला अमिग्डाला, आणि एक बंद पडलं तरी दुसरं आपलं चालू राहू शकतं. २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ पेशंट्सना सिनेमांचे दुःखी आणि आनंदी तुकडे दाखवून बघितलं तेव्हा पण तेच, काय बघितलं ते पुसलं गेलं, मनावरचा मूड मात्र राहिला. "त्यांना कुठे काय आठवणारे" हे आम्ही वॉर्डात दिवसातून किती वेळा म्हणतो.

राहिलं माझं ओरडणं. मी एरवी ओरडत नाही हो पेशंटवर. काका बोलायच्या आधी एकदा खाकरतात, आणि माझे वडील पिऊन आले की दारात अगदी तसेच खाकरायचे, आम्ही भावंडं आतल्या खोलीत पळायचो. सुई हातात असताना काका खाकरले होते एवढं नक्की. त्याच्यामुळेच ओरडले का? काय सांगू, हे पण मी मागाहून रचलेलं असू शकतं.

सॅम्पल दुसरीने घ्यायचं असं ठरवून टाकलं आणि मी रोज दुपारी ट्रे न घेता जायला लागले, पत्त्यांचा कॅट घेऊन. रोज नवी ओळख, रोज तोच डाव. सुरुवातीला दोन्ही हात चादरीत, कुठलं पान टाकायचं ते मानेने दाखवायचे आणि त्यांच्या वतीने मीच खेळायचे, आणि हरायचे पण मीच. मग कधीतरी पान उचलायला डावा हात बाहेर आला.

दोनेक आठवड्यांनी बीपीचा पट्टा घेऊन गेले.

"नवीन आलात का सिस्टर?"

"हो काका."

खाकरले. मी पट्टा हातात धरून नुसती उभी राहिले. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डावा हात पुढे केला. उजवा चादरीखालीच होता.